नेम धरण्यापुरतं

लोकसभेची आचारसंहिता उठली आणि जमा केलेली हत्यारं घेऊन जा, असा पोलीस ठाण्यातून फोन आला, तेव्हा ठाणे शहरात पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. राष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्या नेमबाजांना निवडणुकीत हत्यार जमा करण्यातून सवलत मिळते, माझ्यासारख्या रविवारी रेंजवर जाणाऱ्यांना नाही. त्यामुळे दर निवडणुकीला ही ये-जा ठरलेली. हवालदारांनी दोन्ही पेट्या टेबलावर ठेवल्या, रजिस्टर उघडलं आणि नंबर वाचायला सुरुवात केली. मी एका रिव्हॉल्व्हरचा खटका पुढे ढकलून गोळ्या भरायचं सिलिंडर बाहेर काढलं, सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं. शेजारच्या बाकावर एक बाई भाडेकरूच्या नोंदणीचे कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा रेनकोट न काढताच टेबलापाशी येऊन उभा राहिला. "काकू, ह्याने किती जणांना मारलं?" आई दटावायला लागली, हवालदार हसले. मी म्हटलं, "कुणालाच नाही रे. ह्याने फक्त कागद फाडलेत." त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "कागद तर हातानं पण फाटतो."

सही करून, पावती परत देऊन, पेट्या घेऊन मी रिक्षाने नौपाड्याला आले. पोराचं म्हणणं काही डोक्यातून जाईना.

माझ्याकडे दोन रिव्हॉल्व्हर आहेत. दोन्ही पॉइंट टू-टूची, म्हणजे इंचाच्या बावीस शतांश जाडीच्या लहान गोळीची, दोन्ही लांब नळीची, दोन्ही टार्गेटसाठी म्हणूनच बनवलेली. एक स्मिथ अँड वेसनचं के-२२ मास्टरपीस, दुसरं कोल्टचं ऑफिसर्स मॉडेल. दोन्ही अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. शेजारपाजारच्यांना इतकंच ठाऊक आहे की कुलकर्णीकाकांच्या मुलीकडे 'लायसन्सचं रिव्हॉल्व्हर' आहे, आणि ते ऐकलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव येतो. बिल्डर, पुढारी, खंडणी असलं काहीतरी त्यांच्या मनात येऊन जात असावं. टार्गेट रिव्हॉल्व्हर नावाची एक वेगळी जात असते, किलोभराहून जड, जवळजवळ फूटभर लांब, कमरेला लावायला गैरसोयीची, खिशात तर मावणारच नाही, हे सांगायला गेलं तर समोरचा माणूस मान डोलावतो आणि विषय बदलतो.

अप्पा वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला, म्हणजे साचे बनवण्याच्या विभागात होते. वागळे इस्टेट म्हणजे आताची काचेची ऑफिसं नव्हेत. तेव्हा तिथे गल्लीगल्लीत लेथ चालायच्या, दुपारी भोंगा झाला की कूलंटच्या वासाची माणसं डबे घेऊन बाहेर पडायची. अप्पांच्या बोटांच्या शिरांत तो वास कायमचा बसला होता. डाय-फिटरचं काम. दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, इकडे, तीन थाऊ तिकडे, यावर दिवसच्या दिवस जायचा. निळा रंग लावायचा, दोन भाग एकमेकांवर बसवायचे, जिथे निळा उमटेल तिथेच कानस फिरवायची, पुन्हा निळा. घरी आल्यावरही त्यांचा हात कशावरून तरी फिरत असायचा, दाराची कडी, पाटाची कड, माझ्या कंपासपेटीचं झाकण. खरबरीत काही लागलं की ते थांबायचे. कंपनीतल्या एका साहेबांनी त्यांना एकदा वरळीच्या रेंजवर नेलं, आणि तिथे कुणीतरी त्यांच्या हातात एक जुनं टू-टू रिव्हॉल्व्हर दिलं. नेम कसा लागला ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. हॅमर, म्हणजे मागचा घोडा, ओढला तेव्हा सिलिंडर कसं फिरलं आणि कसं 'बसलं', ते मात्र आयुष्यभर सांगत राहिले. "अगं, जराही हलत नव्हतं. हातानं बसवलेलं होतं ते. कुणीतरी कानशीनं बसवलेलं."

के-२२ त्यांनी दादरच्या एका पारशी गृहस्थांकडून घेतलं. त्या गृहस्थांची नजर गेली होती आणि मुलं परदेशात होती. परवान्याचे कागद, पोलिसांची परवानगी, हस्तांतर या सगळ्यात बराच काळ गेला. पैसेही बरेच गेले, आई कितीतरी दिवस त्यावरून धुमसत होती. पण पेटी घरी आली त्या संध्याकाळी तिनेही हातातलं काम बाजूला ठेवून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर जुना लोकसत्ता अंथरला होता आणि त्यावर ते गडद निळं लोखंड पडलं होतं. खरंच निळं. ट्यूबलाइटखाली काळं वाटायचं, खिडकीशी नेलं की मोराच्या मानेकडे झुकायचं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, स्क्रूभोवती लाकडातच सोडलेला शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा, बाकी सगळीकडे बारीक चौकड्या कोरलेल्या. त्या चौकड्यांची टोकं एका बाजूला झिजून गुळगुळीत झाली होती, तळहाताचा फुगवटा जिथे टेकतो नेमकं तिथे. अप्पांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं.

मग त्यांनी मला त्याची कुंडली मांडून दाखवली. कंपनीने हा साचा १९३१ मध्ये 'आउटडोअर्समन' नावाने आणला. १९४० मध्ये नेम धरायच्या मागच्या साईटला क्लिकवर फिरणारा स्क्रू देऊन, सुधारून त्याचं 'मास्टरपीस' केलं, आणि लगेच युद्ध आलं. कारखाना सैन्याच्या कामाला जुंपला गेला, त्यामुळे त्या पहिल्या मास्टरपीसची जेमतेम हजारभर नगं निघाली. ती आज जगात कुणी सहजासहजी विकत नाही. युद्ध संपल्यावर नव्याने सुरुवात झाली, बॅरलच्या पाठीवर पट्टी आली. आमचं त्यातलं. सिलिंडर ज्या बिजागरीवर बाहेर येतं त्या खाचेत मॉडेल नंबर कोरलेला नाही, म्हणजे १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षापासून कंपनीने नावांऐवजी आकडे द्यायला घेतले आणि के-२२ चं 'मॉडेल १७' झालं. अप्पांना सगळ्यात जास्त आवडायची ती वजनाची गोष्ट. कंपनीने टू-टू, थर्टी-टू आणि थर्टी-एट अशी तीन भावंडं काढली होती. एकाच मापाच्या लोखंडाला लहान भोक पाडलं तर लोखंड जास्त उरतं, म्हणून टू-टू खरं तर सर्वांत जड व्हायला हवं. मग त्यांनी बॅरलवरच्या पट्टीची रुंदी कमी-जास्त केली आणि तिन्हींचं भरलेलं वजन जुळवलं. स्वस्त गोळीवर सराव करणाऱ्याचा हात मोठ्या गोळीच्या स्पर्धेत चुकू नये, एवढ्यासाठी. "कुणी मागितलं होतं का हे?" अप्पा विचारायचे आणि स्वतःच खूश व्हायचे.

रिमफायर म्हणजे काय, हे त्यांनी मला दिवाळीच्या फराळाच्या वेळी समजावलं. साध्या काडतुसाच्या बुडात मधोमध ठिणगीची टोपी असते. टू-टूत ती नसते. पितळेच्या नळकांडीचा बुडाचा काठ दुमडलेला असतो आणि ठिणगीचा मसाला त्या दुमडीत भरलेला असतो, करंजीच्या मुरडीत सारण शिरावं तसा. काठावर कुठेही टोला बसला की काडतूस पेट घेतं, म्हणून ते रिमफायर. ही युक्ती १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने घरातल्या घरात नेमबाजी करायच्या बंदुकीसाठी काढली. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपल्या पहिल्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ती वापरली, आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने लाँग रायफल नावाचं ते काडतूस आणलं, जे जगभर आजही त्याच मापात विकलं जातं. शिशाची अडीच ग्रॅमची गोळी, वर मेणाचा हलका हात. बोटांना ते मेण लागतं आणि रेंजवरून आल्यावर साबणाने दोनदा हात धुवावे लागतात. या काडतुसाचा काठ टोला खाण्याइतका मऊ, म्हणजे पातळ ठेवावाच लागतो. त्यामुळे त्यात फार दारू भरता येत नाही, आणि एकदा उडालं की ते पुन्हा भरताही येत नाही. जोर नाही, धक्का नाही, आवाजही बेताचा. हातात उरतो तो फक्त नेम.

आणि तरीही ही जात संपली.

संपली ती तिच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे. मास्टरपीस हातात आलं तोवर स्पर्धा बदलल्या होत्या. ठरावीक सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतील, तर रिव्हॉल्व्हरवाल्याला दर गोळीला अंगठ्याने हॅमर मागे ओढावा लागतो, म्हणजे पकड सुटते, पुन्हा धरावी लागते, साईट पुन्हा जुळवावी लागते. पिस्तूल ते काम स्वतःच करतं. कोल्टचं वुड्समन पिस्तूल १९१५ पासून होतंच, १९४९ मध्ये रुगरचं स्वस्त टू-टू पिस्तूल आलं आणि टार्गेट रिव्हॉल्व्हर स्पर्धेच्या रांगेतून हळूहळू मागे गेलं. अतिशय कसून, हाताने जुळवून बनवलेली एक वस्तू, आणि ती जिथे पूर्णत्वाला पोचली तिथेच तिची गरज संपली. वागळे इस्टेटमधल्या टूलरूमच्या माणसाला ही गोष्ट आतून कळत असणार. संगणकावर चालणारी सीएनसी मशिनं आली, तेव्हा अप्पांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी कानस खाली ठेवली. अप्पांनी त्याबद्दल तक्रारीचा एक शब्द काढला नाही. फक्त त्या वर्षी ते रेंजवर जरा जास्त जायला लागले.

आता आमच्या घरातल्या तिसऱ्या हत्याराबद्दल सांगते, कारण त्या पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच कुठेतरी आहे. आजोबांची बारा बोअरची दुनळी होती. कोकणात, माणगावच्या आत आमचं गाव. रानडुकरं भातात शिरायची म्हणून आजोबांना परवाना मिळालेला. त्या दुनळीने डुकरं मारली, ससे मारले, आणि एकदा भेकर. तेव्हा अप्पा लहान होते, बरोबर गेले होते. भेकर जखमी होऊन झाडीत शिरलं आणि बराच वेळ ओरडत राहिलं. भेकराचं ओरडणं कुत्र्याच्या भुंकण्यासारखं असतं म्हणतात. अप्पा म्हणायचे की त्या दिवशीचं तसं नव्हतं. एवढंच म्हणायचे. पुढे ते कधीही शिकारीला गेले नाहीत, कायद्याने शिकार बंद व्हायच्या कितीतरी आधीपासून. पण आजोबा गेल्यावर दुनळी मोठ्या मुलाकडे म्हणून त्यांच्याकडेच आली, आणि अप्पांनी ती तेलपाणी करून, कापडात गुंडाळून नीट ठेवली.

दसऱ्याला तिन्ही हत्यारांची पूजा व्हायची. पाटावर अप्पांचा मायक्रोमीटर, व्हर्नियर, आईच्या शिलाई मशिनची बॉबिन केस, माझी वह्या-पुस्तकं, आणि मागे दोन पेट्या आणि दुनळी. आई सगळ्यांना हळदकुंकू लावायची. दुनळीच्या दस्त्यावर तर इतक्या वर्षांचं कुंकू मुरलं होतं की लाकडाचा तेवढा भाग लालसरच झाला होता. रिव्हॉल्व्हरना मात्र अप्पा कुंकू लावू द्यायचे नाहीत. ओलं बोट लागलं की निळाई डागाळते, आणि कुंकवाची बारीक पूड बाजूच्या प्लेटच्या फटीत गेली की आतल्या कमानींत जाऊन बसते. तेव्हा त्यांच्यावर फक्त झेंडूचं एकेक फूल आणि आपट्याचं पान, तेही पूजा झाली की लगेच उचलायचं. आईला हे पटायचं नाही. "पूजेला ठेवायचं आणि शिवायचं नाही, हे कसलं?" लहानपणी मला वाटायचं की अप्पांची त्या दोन वस्तूंवर जास्त माया आहे. आता वाटतं, त्या शस्त्रांच्या रांगेत बसवाव्यात की मायक्रोमीटरच्या, हे त्यांचं त्यांनाच नक्की ठरवता येत नव्हतं.

मग २०१९ च्या डिसेंबरात कायदा बदलला. आधी एका परवानाधारकाला तीन हत्यारं ठेवता यायची, ती दोनवर आली. ज्यांच्याकडे तीन आहेत त्यांनी वर्षाच्या आत एक जमा करायचं. संग्रह करणाऱ्या माणसांच्या दृष्टीने तो मोठाच घाव होता, कारण आपल्याकडे वारसाने आलेलं हत्यारही त्या दोनातच मोजलं जातं. घरात महिनाभर चर्चा चालली. काकांचं म्हणणं सरळ होतं, दुनळी ठेवायची, ती वडिलांची. त्या दोन विकत आणलेल्या वस्तू, त्यातली एक जाईल तर जाईल. आईही काकांच्या बाजूने. मीसुद्धा मनातून काकांच्याच बाजूने होते, हे सांगायला हवं. आजोबांना मी पाहिलेलं, त्या दस्त्यावरचं कुंकू माझ्या आजीच्या हातचंही होतं. अप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एक दिवस, तोंडाला मास्क बांधून, दुनळी डीलरकडे जमा करून आले. काका दोन वर्षं आमच्या घरी गणपतीला आले नाहीत. अप्पांना मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, "त्या दुनळीचं काम संपलं. ह्यांचं चालू आहे."

हे ऐकताना मला ते वाक्य कठोर वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

कोल्टचं प्रकरण मात्र इतकं स्वच्छ नाही, आणि म्हणूनच पोलीस ठाण्यात मी 'कुणालाच नाही' म्हणाले ते पूर्ण खात्रीने म्हणता येईल असं नव्हतं. कोल्ट अप्पांकडे आलं एका डीलरमार्फत, बेळगावकडच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या घरातून. ऑफिसर्स मॉडेल टू-टूत १९३० पासून बनायला लागलं, आमचं त्या पहिल्या दशकातलं. म्हणजे ते अप्पांच्या हातात येण्याआधी कितीतरी वर्षं कुणाच्या तरी टेबलाच्या खणात होतं, आणि ती वर्षं देशाची कसली वर्षं होती ते सांगायला नको. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन, दोन्हींकडच्या जुन्या वह्यांवरून आजही पत्र मागवता येतं. नंबर कळवला की हे नग कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानाकडे रवाना झालं ते लिहून येतं. पुढचं कुठल्याच वहीत नसतं. टार्गेटसाठी बनवलेल्या वस्तूने टार्गेटच मारलं असेल, असं मानायला जागा आहे. शपथ घेता येत नाही.

एक खूण मात्र आहे. कोल्टचं सिलिंडर स्मिथच्या उलट फिरतं, नेम धरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कोल्टचं उजवीकडे आणि स्मिथचं डावीकडे. खटकाही उलटा, स्मिथचा पुढे ढकलायचा, कोल्टचा मागे ओढायचा. तो ओढून सिलिंडर बाहेर काढलं आणि टॉर्चच्या उजेडात भिंगातून पाहिलं, तर सहाही घरांच्या तोंडाशी, काडतुसाचा काठ जिथे टेकतो त्या कडेवर, एकाच जागी एक अगदी लहानसा खोलगट ठसा दिसतो. नखाला लागतो. रिमफायरमध्ये घर रिकामं असताना चाप ओढला की पिन पितळेऐवजी थेट पोलादाच्या कडेवर आपटते, आणि असं पुष्कळदा झालं की तिथे खाच पडते. म्हणून रिमफायरवाल्यांना पहिला धडा हाच, रिकामं मारू नका. माझी सगळी नोकरी क्वालिटी तपासणीत गेली, पार्टवरच्या खुणा पाहून तो कुठे कसा घासला गेला ते सांगणं हेच माझं काम होतं. सहाही घरांवर जवळजवळ सारखी खूण, याचा अर्थ कुणीतरी, बहुधा रात्री, खोलीत भिंतीवरच्या एखाद्या टिंबाकडे नेम धरून, एकामागून एक चाप ओढत बसायचं. रोज. बरीच वर्षं. ते यंत्राला चांगलं नाही हे त्याला माहीत नसेल, किंवा माहीत असूनही हात राहत नसेल. चाप ओढताना पुढची साईट हलते का, एवढंच तो पाहत असणार. अप्पा या खुणांवर चरफडायचे. मला त्या आवडतात. त्या अधिकाऱ्याबद्दल माझ्याकडे असलेली ती एकमेव गोष्ट आहे, आणि ती सरावाची आहे.

परदेशातल्या संग्राहकांचे फोटो मी पाहते. भिंतभर के-२२, १९३१ पासून पुढच्या प्रत्येक बदलाचं एकेक नग. १९११ च्या सुमाराचं ते लहान टार्गेट रिव्हॉल्व्हर, ज्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकार्ट नावाच्या व्यापाऱ्याच्या मागणीमुळे त्याचंच नाव चिकटलं, तेही एका पेटीत. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे दोन म्हणजे दोन. आम्ही पाच-सहा जण आहोत, पनवेलचे एक डॉक्टर, साताऱ्याचे एक मास्तर, असे विखुरलेले. भेट झाली की एकमेकांच्या दोन-दोन वस्तूंबद्दल तासन्‌तास बोलतो. वस्तूंची संख्या वाढू शकत नाही, तेव्हा जाण वाढते. स्क्रूच्या खाचेला नेमका बसेल असा स्क्रूड्रायव्हर घासून घ्यायचा, जुनी कॅटलॉगं जमवायची, मूळच्या पुठ्ठ्याच्या पेटीचं लेबल कुठल्या वर्षी बदललं ते शोधायचं. साताऱ्याच्या मास्तरांनी तर तीन वर्षं एकाच मागच्या साईटच्या पात्याचा इतिहास काढला. भिंतभर असतं तर यातलं किती हाताने शिवून पाहिलं असतं, असा प्रश्न मला पडतो, आणि मग हेवा जरा कमी होतो.

ठाण्याची हवा या वस्तूंची वैरी आहे. खाडी जवळ, येऊरच्या डोंगरावर ढग टेकलेले, जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या रेशमी साडीलाही कुबट वास. ती निळाई म्हणजे पोलादाच्या पृष्ठावर मुद्दाम आणलेला, आवरून धरलेला एक प्रकारचा गंजच असतो. खऱ्या तांबड्या गंजाला ती फार काळ अडवू शकत नाही. चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं. हाताचा घाम पुसल्याशिवाय पेटीत ठेवायचं नाही. जुन्या काडतुसांचा मसाला तर उडाल्यावर मिठासारखा क्षार मागे सोडायचा आणि त्याने बॅरल आतून खाऊन टाकलं जायचं. १९२६ च्या सुमारास रेमिंग्टनने बिनक्षाराचा मसाला आणला आणि मगच हे हळूहळू थांबलं. आमच्या कोल्टच्या बॅरलमध्ये उजेडाकडे धरून पाहिलं तर तोंडापासून थोडं आत देवीच्या व्रणांसारखा एक खडबडीत पट्टा दिसतो. कुणीतरी जुनी काडतुसं वापरली आणि गरम पाण्याने धुवायचा कंटाळा केला. पोलीस ठाण्यातून आणलं त्या दुपारी मी आधी पंखा बंद केला, दोन्ही उघडून ठेवली, कापडाची पट्टी नळीतून ओढली आणि पट्टीवर तांबूस काही आलंय का ते पाहिलं. के-२२ च्या पट्टीवर काही नव्हतं. कोल्टच्या हॅमरच्या कडेला केसाएवढी एक तपकिरी रेघ धरली होती. तेलात भिजवलेल्या कापडाने, फार न घासता, ती निघाली.

अप्पा गेल्यावर ही दोन्ही डीलरकडे जमा होती. वारसाने परवाना मिळवायचा तर बाकी वारसांची ना-हरकत लागते. माझ्या भावाने आणि आईने लगेच सह्या दिल्या. सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागलं, पोलिसांची चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, स्वसंरक्षणासाठी का?" मी म्हटलं, नेमबाजीसाठी. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तसं लिहिलं. तोवर मी अप्पांबरोबर रेंजवर गेले होते ती त्यांची पेटी धरायला आणि कार्डं मोजायला. स्वतःच्या नावावर वस्तू आल्यावर पहिल्यांदा पंचवीस मीटरवर उभी राहिले. समोरच्या कार्डावर दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं. एवढ्या अंतरावरून पुढच्या साईटच्या पात्यापुढे ते दिसेनासंच होतं. हॅमर मागे ओढला, अंगठ्याखाली सिलिंडर फिरलं आणि बसलं. अप्पा तीस-चाळीस वर्षं जे सांगत होते ते मला तेव्हा हातात कळलं. श्वास अर्धा सोडायचा, पात्याच्या वरच्या कडेवर डोळा ठेवायचा, कार्ड थोडं धूसर राहू द्यायचं. चाप कधी सुटला ते आपल्यालाच कळू नये. सुटला. आवाज फटाक्यापेक्षा लहान. गोळी कार्डाच्या पांढऱ्यात कुठेतरी गेली होती. पण त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आईचं आजारपण, सोसायटीचं भांडण, काकांचा अबोला, काहीच नव्हतं.

त्या पोराला खरं तर हे सांगायला हवं होतं. कागद हाताने फाटतो, पण हवा तिथे, हवा तेवढाच, आपला हात आणि श्वास आणि रागलोभ बाजूला ठेवून फाडायचा असेल तर त्याला काहीतरी साधन लागतं. आणि ते साधन नेमकं याच आकाराचं का असावं, ज्या आकाराने माणसं मेली आहेत, याचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. धनुष्यबाणाबद्दल कुणी असं विचारत नाही, कारण बाणाने मेलेली माणसं आता कुणाला आठवत नाहीत. रिव्हॉल्व्हरची आठवतात, आठवायलाच हवीत. म्हणून अप्पांचं ते 'ह्यांचं काम चालू आहे' मला आता निराळं ऐकू येतं. ते काम कुणीतरी चालू ठेवतंय तोवरच हे टार्गेट रिव्हॉल्व्हर आहे. कपाटाच्या लॉकरमध्ये टाकलं, वर्षानुवर्षं बाहेर काढलं नाही, की मग ते नुसतं हत्यार उरतं, ज्याच्या किमतीवर आणि भीतीवर बोललं जातं. दुनळी लॉकरमध्ये टाकल्यासारखीच पडून होती. अप्पांनी तिला सोडलं ते बहुधा त्यामुळे.

लेक नेरूळला असते. तिला यात रस नाही, आणि तिने तो घ्यावा असा आग्रहही नाही. "आई, दोन्ही देऊन टाक ना, दर निवडणुकीला तुझी पळापळ," ती म्हणते. तिच्या घरात दोन लहान मुलं आहेत, तिचं म्हणणं मला पटतं. के-२२ मी माझे हात स्थिर आहेत तोवर ठेवणार. कोल्टबद्दल डोंबिवलीच्या एका तरुण नेमबाजाने विचारलंय. परवाना आहे, एक जागा रिकामी आहे, पैसेही बरे देतोय. फोनवर त्याने विचारलेले सगळे प्रश्न निळाई किती टक्के उरली, मूळची पेटी आहे का, पुढे भाव किती वाढेल, असे होते. त्यात वाईट काही नाही, मीही असले प्रश्न विचारते. पण मी त्याला अजून होकार दिलेला नाही. येत्या रविवारी रेंजवर ये म्हटलंय, स्वतःची काडतुसं घेऊन. पन्नास गोळ्या मार त्याच्याने. उजवीकडे फिरणाऱ्या सिलिंडरची सवय व्हायला तेवढ्या लागतातच. त्यानंतर किमतीचं बोलू.